युद्धाच्या नोंदीत भूत कुठं बसवायचं?

१९५५ च्या उन्हाळ्यात बेल्जियममध्ये, मेसिनच्या टेकाडापासून फार लांब नसलेल्या एका शेतात, वादळात वीज पडली आणि जमीन स्फोटानं उडाली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी जर्मन खंदकांखाली पेरलेला एक सुरुंग जवळपास चाळीस वर्षं तिथं तसाच पडून होता. माणूस कुणी दगावलं नाही, एक गाय मेली. त्याच मालिकेतले १९ सुरुंग ७ जून १९१७ च्या पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी उडवले गेले होते. हा वापरायचा राहून गेला.

भयकथेचे रोलप्लेइंग गेम चालवणाऱ्या कुणीही ही नोंद वाचली की पहिला विचार ठरलेला असतो: स्फोटामुळं जमिनीखालचं काहीतरी जागं झालं. हा विचार वहीत लिहावा आणि लगेच खोडावा. तसा तो वाईट नाही, पण तो मेसिनचाही नाही. कुठल्याही खाणीत, कुठल्याही धरणाच्या पायात तो जसाच्या तसा चालेल. मग इतिहास वाचायची तसदी घेतली कशाला? इतिहासातून काढलेलं कथानक त्या जागी, त्या वर्षी, त्या माणसांच्या बाबतीतच घडू शकेल असं हवं.

हे खेळ कधी खेळले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यातला एक गेम मास्टर; तो परिस्थिती उभी करतो आणि वाटेत भेटणारी माणसं बोलती करतो. बाकीच्यांकडं प्रत्येकी एक पात्र असतं, आणि आपलं पात्र आता काय करतंय ते त्यांनी सांगायचं. जिथं निकाल अनिश्चित असतो तिथं फासे पडतात. पटकथा नसते. १९७४ साली आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'नं हा प्रकार रुजवला. १९८१ च्या 'कॉल ऑफ क्थुलू'नं त्यात भयाला स्वतःचं गणित दिलं: पात्राच्या ताकदीबरोबर त्याच्या मनाच्या तोलाचेही गुण मोजायचे, आणि पाहू नये ते पाहिलं की ते घटायचे. तेव्हापासून युद्धकाळ ही या खेळांची आवडती जागा आहे, आणि तिथंच सगळ्यात जास्त कथानकं फसतात.

फसतात याचं कारण साधं आहे. इतिहासातली घटना घडून गेलेली असते. तिला सुरुवात आहे, शेवट आहे, मृतांचा आकडा आहे. खेळाला मात्र उघडी परिस्थिती लागते, जिचं पुढं काय होईल हे खेळाडू ठरवतील. नवा गेम मास्टर स्टालिनग्राड किंवा नॉर्मंडीसारखी मोठी लढाई उचलतो आणि मग खेळाडूंना त्या लढाईतून सहलीला नेल्यासारखं फिरवतो. ते बघतात, घाबरल्यासारखं करतात, पण त्यांच्या हातात काहीच नसतं. म्हणून लढाईच्या मधोमध जाऊ नये. कडेला जावं. खूप कामाचं आणि थोड्या माणसांचं ठिकाण शोधावं: टपाल तपासणारी खोली, ऐकण्याची चौकी, बियाण्यांचं कोठार, शवागार.

पळून का जात नाहीत?

भुताच्या गोष्टीवर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, ही माणसं त्या वाड्यातून निघून का जात नाहीत? लेखक मग पूल वाहून नेतो, गाडी बंद पाडतो, फोनची तार तोडतो. युद्धात यातलं काहीच करावं लागत नाही. हुकूम असतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्करानं पळून जाणं, भित्रेपणा आणि अशाच गुन्ह्यांसाठी ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळायला २००६ साल उजाडलं. समोर काय आहे ते माहीत नाही आणि मागं आपलंच गोळीबार पथक उभं आहे, ही स्थिती कल्पनेनं रचावी लागत नाही.

म्हणून कुठलीही ऐतिहासिक नोंद वाचताना मी आधी भूत शोधत नाही, हुकूम शोधतो. या माणसांना इथं कुणी बसवलं, काय करायला, आणि ते सोडलं तर काय होईल? दुसरं, त्यांना काय माहीत नव्हतं? युद्धात प्रत्येकाला आपल्या कामापुरतंच सांगितलं जातं, त्यामुळं अज्ञानासाठी वेगळी सबब लागत नाही. या दोन गोष्टी हाताशी आल्या की भूत आपसूक जागा मागतं. कधी कधी मागतही नाही, त्याकडं पुढं येतो.

ऐकण्याची चौकी

मेसिनकडं परत जाऊ आणि तिथं जरा थांबू, कारण भुयारी युद्धाइतका दाट माल क्वचित मिळतो.

१९१५ पासून ब्रिटिशांनी खास भुयारी तुकड्या उभ्या केल्या. त्यात खाणकामगार होते, शहरांची गटारं खोदणारे होते. फ्लँडर्सच्या चिकणमातीत खोदायची त्यांची पद्धत अशी: एक माणूस तिरप्या फळीला पाठ टेकून आडवा होतो आणि पायांच्या जोरानं कुदळीसारखं पातं समोरच्या मातीत दाबतो. दुसरा सुटलेलं ढेकूळ पोत्यात भरतो, तिसरा पोतं मागं ओढून नेतो. घण नाही, ठोकाठोकी नाही, बोलणं कुजबुजीत. पलीकडून जर्मनही खोदत होते, आणि ज्याचा आवाज आधी ऐकू जाई त्याच्या भुयाराखाली दुसरा छोटा सुरुंग लावून ते बुजवत असे. कधी दोन भुयारं एकमेकांत फुटत आणि अंधारात हातघाई होई. स्फोटानंतर कार्बन मोनॉक्साइड साचे. त्याला वास नसतो, म्हणून पिंजऱ्यात कॅनरी पक्षी किंवा उंदीर खाली नेत.

आणि ऐकण्याचं यंत्र. जिओफोन म्हणजे दोन लाकडी चकत्या, आत पारा, आणि डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारख्या कानात जाणाऱ्या नळ्या. दोन्ही चकत्या जमिनीवर ठेवायच्या आणि आवाज दोन्ही कानांत सारखा येईपर्यंत त्या सरकवत राहायचं. सारखा झाला की होकायंत्र लावून दिशा घ्यायची आणि वहीत नोंदवायची. दोन चौक्यांच्या दिशा नकाशावर आखल्या की रेघा जिथं छेदतात तिथं शत्रू.

आता कथानक. खेळाडूंची पात्रं अशाच एका चौकीतली पाळी करतात. त्यांच्यामागच्या मुख्य भुयाराच्या टोकाला सुरुंग भरून तयार आहे, कित्येक महिन्यांचं काम आहे, तो कधी उडवायचा ते त्यांना माहीत नाही. तिसऱ्या रात्री खोदण्याचा आवाज येतो. दिशा घेतली जाते, दुसरी चौकी आपली दिशा देते, नकाशावर रेघा छेदतात आणि तो बिंदू त्यांच्याच, दोन आठवड्यांपूर्वी कोसळलेल्या भुयारात येतो. तिथं चार माणसं गाडली गेली होती. वही चाळली तर आवाजाच्या वेळा त्या चौघांच्या पाळीच्या वेळांशी जुळतात.

इथं भूत आहे की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. जर्मनांनी कोसळलेलं भुयार गाठलं असेल आणि ते मोकळं करत असतील, ही शक्यता पूर्णपणे लष्करी आहे. चौघं जिवंत असतील ही शक्यता वेडगळ आहे, पण त्यातल्या एकाचा भाऊ याच चौकीत आहे. खेळाडूंपुढचा पेच हा की तिकडं खोदलं तर आपला आवाज जाईल आणि मोठा सुरुंग उघडा पडेल. बुजवायचा स्फोट केला तर खाली जे कोणी आहे ते मरेल. आणि काहीच केलं नाही तर आवाज दर रात्री हातभर जवळ येतो. हे कथानक धरणाच्या पायात हलवून पाहा. चालत नाही, आणि हीच त्याची परीक्षा.

माणसं अशा वेळी काय करतात हे इतिहासानं दाखवलं आहे. २२ जून १९१६ ला फ्रान्समध्ये गिव्हन्शीजवळ जर्मन स्फोटामुळं पाच ब्रिटिश भुयारी सैनिक अडकले. बाहेरून भोक पाडण्यात यश आलं, तिघं निघाले. विल्यम हॅकेट नावाचा चाळिशीतला खाणकामगार धडधाकट होता, पण आत एक जखमी सहकारी होता आणि त्याला सोडून यायला त्यानं नकार दिला. भुयार पुन्हा कोसळलं. दोघं अजून तिथंच आहेत. हॅकेटला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. टेबलावर कुणी म्हणालं की 'असं कोणी करत नाही', तर ही नोंद वाचून दाखवायची.

मात्र हॅकेटचं नाव आणि त्याचं मरण उचलून त्याला आपल्या खेळात पछाडलेलं प्रेत करू नये. ठिकाण खरं, यंत्रं खरी, नियम खरे. मेलेली माणसं आपली, बनवलेली. हे माझं पथ्य आहे आणि ते कथानकालाही सोयीचं पडतं, कारण बनवलेल्या माणसाचं काय झालं हे इंटरनेटवर शोधता येत नाही.

दुहेरी खुलासा

दुसरा उत्तम साठा म्हणजे गुप्ततेमुळं तयार झालेल्या अफवा. २५ नोव्हेंबर १९४१ ला भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुडीनं 'बारहॅम' ही ब्रिटिश युद्धनौका बुडवली. साडेआठशेहून अधिक नौसैनिक मेले. ब्रिटिश नौदल खात्यानं ही बातमी जानेवारी १९४२ पर्यंत दाबून धरली. दरम्यान पोर्ट्समथमध्ये हेलन डंकन नावाच्या स्कॉटिश बाईंनी मृतात्म्यांना बोलवण्याच्या बैठकीत त्या जहाजावरच्या एका मृत खलाशाला 'हजर' केलं, असं सांगितलं जातं. पुढं जानेवारी १९४४ मध्ये त्यांना अटक झाली आणि खटला चालला तो १७३५ च्या चेटूकविषयक कायद्याखाली. नऊ महिन्यांची शिक्षा झाली. हा कायदा चेटूक करणाऱ्यांसाठी नव्हता, ते येत असल्याचं सोंग करणाऱ्यांसाठी होता. पण लोकांच्या तोंडी राहिलं ते विसाव्या शतकात चेटकीण म्हणून तुरुंगात गेलेल्या बाईचं नाव.

खुलासा रुक्ष आहे. नौदलानं मृतांच्या घरच्यांना पत्रं पाठवून ही गोष्ट कुणाला सांगू नका अशी विनंती केली होती. शेकडो घरं, प्रत्येक घरात आई, बायको, शेजारीण. नाविकांच्या शहरात ते गुपित किती दिवस टिकणार? बाईंच्या कानावर आलं असणारच.

गेम मास्टरला सोनं यातच आहे. जिथं रुक्ष खुलासा नव्वद टक्के पुरतो आणि दहा टक्के उरतो, ती जागा पक्की धरावी. खेळाडूंना नौदलाच्या गुप्तवार्ता विभागातले कनिष्ठ अधिकारी, एक स्थानिक पोलीस, टपालातली एक सेन्सॉर बाई अशी पात्रं द्या आणि हुकूम द्या: बातमी कुठून फुटली ते शोधा. ते घरोघर जातील, पत्रं पाहतील, आणि एकेक करून सगळ्या बातम्यांची वाट सापडत जाईल. एका जहाजाची सापडणार नाही, कारण बैठकीच्या रात्री ते बुडालेलंच नव्हतं.

इथून पुढं भीती बाईंकडून येत नाही, वरिष्ठांकडून येते. वरिष्ठांना त्या बाई खऱ्या निघाव्यात असं वाटू लागतं. खेळाडूंच्या हाती एक बंद पाकीट दिलं जातं: पुढच्या महिन्यात निघणाऱ्या जहाजांची यादी. बाईंना फक्त विचारायचं की यातलं कोणतं बुडणार. उत्तर मिळालं तर त्याचं काय करायचं, ते जहाज थांबवायचं की त्याच्या जागी दुसरं पाठवायचं, हा निर्णय खेळाडूंच्या टेबलावर येऊन पडतो. (काल्पनिक खेळासाठी हेलन डंकनही बदलून टाका. दुसरी बाई, दुसरं बंदर. मूळ रचना तेवढी ठेवा.)

याच वर्गातली, पण माझ्या मते त्याहून सरस नोंद म्हणजे १९४३ ची 'ऑपरेशन मिन्समीट'. दोस्त राष्ट्रांना सिसिलीवर उतरायचं होतं; जर्मनांना वाटायला हवं होतं की हल्ला ग्रीस आणि सार्डिनियावर होणार. ब्रिटिश गुप्तवार्ता विभागानं लंडनमध्ये उंदराचं विष पोटात जाऊन मेलेल्या एका बेघर माणसाचं प्रेत मिळवलं, त्याला रॉयल मरीन्समधला मेजर विल्यम मार्टिन बनवलं, खोटी लष्करी पत्रं असलेली बॅग त्याला जोडली आणि पाणबुडीतून नेऊन ३० एप्रिलला स्पेनमधल्या हुएल्वाजवळ समुद्रात सोडलं. डाव फळला.

आता बारकावे पाहा. ओळखपत्रासाठी प्रेताचा फोटो काढला तर तो प्रेताचाच दिसे. शेवटी चेहरा जुळणारा जिवंत माणूस शोधावा लागला. प्रेत तीन महिने थंडाव्यात ठेवलेलं, पावलं गोठून ताठ झालेली, बूट चढेनात. विजेच्या शेगडीनं पावलं शेकून बूट चढवले. खिशात नाटकाच्या तिकिटांचे अर्धे तुकडे, बँकेचं जादा उचलीबद्दलचं पत्र, साखरपुड्याच्या अंगठीचं बिल, आणि 'पाम' नावाच्या वाग्दत्त वधूची प्रेमपत्रं. पामचा फोटो खात्यातच काम करणाऱ्या एका तरुणीचा. पुढं जूनमध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये मृतांच्या यादीत मेजर मार्टिनचं नावही छापून आणलं. हुएल्वातल्या थडग्यावर त्या माणसाचं खरं नाव, ग्लिंडवर मायकल, १९९८ मध्ये कोरलं गेलं.

अशा सामग्रीवर बसून बहुतेक जण प्रेत चालतं करतात. त्याची गरज काय? यादी छापून येते. आठवड्यानं एक म्हातारी कार्यालयाच्या दारात येते आणि म्हणते, मेजर मार्टिन माझा मुलगा, त्याच्या वस्तू मला द्या. तिच्याकडं त्याचं बालपणीचं छायाचित्र आहे, आणि ते ओळखपत्रातल्या चेहऱ्याशी जुळतं. असा माणूस नव्हताच, हे तिला सांगता येत नाही, कारण ते राज्याचं गुपित आहे. होता असंही सांगता येत नाही. ती शत्रूची हेर असू शकते, पोरगं गमावून भ्रमिष्ट झालेली आई असू शकते. खेळाडूंपैकी एकानं मार्टिनच्या आईचं पत्र स्वतःच्या कल्पनेनं लिहिलेलं आहे, आणि म्हातारी बोलते ती वाक्यं त्या पत्रातली आहेत. ते पत्र शेवटी बॅगेत घातलंच नव्हतं. मसुदा अजून खणात आहे.

जिथं भूत आणायचं नाही

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि यावर माझं मत ठाम आहे. माणसांनी केलेल्या गुन्ह्याचं खापर राक्षसावर फोडणारं कथानक लिहू नये.

नाझी आणि मंत्रतंत्र हा या खेळांतला सर्वात घासून गुळगुळीत झालेला विषय. त्याला आधार नाही असं नाही. हिटलरचा सहकारी हिमलर याच्या एसएस या निमलष्करी संघटनेनं १९३५ मध्ये 'आननएर्बे' ही आर्य पूर्वजांचा शोध घेणारी संस्था काढली, १९३८-३९ मध्ये एसएसच्या छत्राखाली एक मोहीम तिबेटला गेली. पण यातनाछावण्या चालल्या त्या फायलींवर, रेल्वेच्या वेळापत्रकांवर आणि हजारो साध्या माणसांच्या सह्यांवर. 'हे सगळं एका प्राचीन शक्तीनं करवून घेतलं' असं कथानक त्या सह्या पुसून टाकतं. टेबलावर बसलेल्या कुणाच्या आजोबांचं नाव त्या फायलीत असू शकतं, हा शिष्टाचाराचा भाग झालाच. पण गोष्ट म्हणूनही ते दुबळं आहे: करवून घेणारा सापडला की करणारे सुटतात, आणि भीती तर करणाऱ्यांचीच वाटायला हवी.

तरीही हा काळ हवाच असेल तर हिमलरच्या कार्डांकडं बघा. त्याच्या हुकमावरून एसएसचा एक छोटा विभाग १९३५ पासून जुन्या चेटूक-खटल्यांच्या नोंदी ग्रंथालयांतून आणि दप्तरखान्यांतून उतरवून घेत होता. सुमारे ३३,००० कार्डं भरली. युद्धानंतर ती पोलंडमध्ये सापडली. कल्पना करा, एक कारकून आहे. कार्डांचा कोटा पुरा करायचा, नाहीतर आघाडीवर रवानगी. तो गावं बनवतो, बायकांची नावं बनवतो, जाळल्याच्या तारखा बनवतो. एके दिवशी त्याच्या बनवलेल्या गावाच्या नगरपालिकेकडून पत्र येतं: आमच्या दप्तरातल्या आणखी सात नावांची नोंद राहिली आहे, कृपया कुणाला तरी पाठवा. यात भूत आहे, पण ते कुणाचा गुन्हा अंगावर घेत नाही. उलट कारकुनाच्या खोटेपणाचा हिशेब मागायला येतं.

मंचूरियात हार्बिनजवळ पिंगफांग इथं जपानी सैन्याचा विभाग ७३१ होता. कैद्यांवर रोगजंतूंचे प्रयोग, जिवंतपणी चिरफाड. आसपासच्या लोकांना सांगितलं होतं की ही लाकडाची गिरणी आहे. त्या भिंतींच्या आत खेळ नेण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. तिथं खेळाडूंना करण्याजोगं काही नाही आणि बघण्याजोगंही नाही. पण युद्ध संपल्यावर काय झालं ते पाहा. प्रमुख शिरो इशी आणि त्याच्या सहकाऱ्यांना अमेरिकनांनी प्रयोगांच्या माहितीच्या बदल्यात खटल्यापासून अभय दिलं. खेळाडू १९४७ मधले तपास अधिकारी. पुरावा जमतो, साक्षीदार बोलतो, दार सापडतं, आणि त्या दिवशी वरून तार येते की प्रकरण बंद करा. या सेशनमध्ये एकही फासा भुतासाठी टाकावा लागत नाही.

रशियातल्या लेनिनग्राडला जर्मनांनी घातलेला वेढाही मी याच खणात ठेवतो. ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४. पहिल्या हिवाळ्यातल्या सर्वात वाईट आठवड्यांत बहुतेक लोकांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, आणि त्यातही भेसळ. रेडिओवर कार्यक्रम नसताना मेट्रोनोमचे ठोके चालू ठेवत. संथ ठोके म्हणजे शांतता, जलद ठोके म्हणजे हवाई हल्ला. हा आवाज टेबलावर फोनमधून संथ लावून ठेवा आणि काही न सांगता मध्येच वेग वाढवा. सर्वोत्तम पार्श्वसंगीत फुकटात मिळतं. याच शहरात वनस्पती-संवर्धन संस्थेत जगभरातून गोळा केलेल्या बियाण्यांचं कोठार होतं. तिथले शास्त्रज्ञ भात, गहू, शेंगदाण्यांच्या पाकिटांमध्ये बसून उपाशी मेले, बियाणं खाल्लं नाही. ज्यानं हा संग्रह उभा केला तो निकोलाय वाविलोव तेव्हा स्टालिनच्या तुरुंगात होता. जानेवारी १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात तोही गेला. खेळाडूंना त्या कोठाराच्या किल्ल्या द्या. उंदीर आहेत, थंडी आहे, दाराशी शेजारीण पोराला घेऊन उभी आहे. यावर भूत आणणं म्हणजे गोष्टीचा अपमान.

आकड्यांपासून सावध

काही नोंदी इतक्या चांगल्या असतात की खऱ्या नसाव्यात असं वाटतं, आणि बऱ्याचदा तसंच असतं. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यालगतच्या रामरी बेटावर १९४५ च्या सुरुवातीला ब्रिटिश-भारतीय फौजांनी जपानी तुकडीला खारफुटीच्या दलदलीत रेटलं, आणि मगरींनी एका रात्रीत शेकडो सैनिक खाल्ले अशी कथा आहे. हजाराचा आकडाही फिरतो. अभ्यासक तो मानत नाहीत. तेवढ्या मगरींना पोसेल असा प्रदेशच नव्हता, तहान, रोग, बुडणं आणि गोळ्या यांनी मेलेले सगळे मगरींच्या खाती गेले. खेळासाठी हे जास्त चांगलं. दलदलीतून परतलेल्या मोजक्या सैनिकांची जबानी घेणारी पात्रं द्या. प्रत्येक जण मगरींचं सांगतो, सगळ्यांचे शब्द सारखे. मगर हे ठरवून सांगितलेलं उत्तर आहे. मग प्रश्न काय होता?

व्हिएतनाममधल्या 'वाँडरिंग सोल' मोहिमेचं उलटं आहे. ती पूर्ण खरी आहे. दफन न झालेला मृत भटकत राहतो या श्रद्धेचा वापर करून अमेरिकनांनी रडणारे, घरी परत जा म्हणणारे आत्म्यांचे आवाज टेपवर तयार केले आणि रात्री हेलिकॉप्टरमधून, ध्वनिक्षेपकांवरून जंगलात वाजवले. 'टेपवर नसलेला आवाज ऐकू येतो' हे कुणालाही सुचेल, सोडून द्या. स्टुडिओत जा. मेलेल्याचा आवाज काढायला बसवलेला माणूस व्हिएतनामी आहे, त्याचा स्वतःचा भाऊ बेपत्ता आहे, आणि संहितेत भावाचं नाव नसताना तो ते उच्चारतो. संहिता लिहिणारे खेळाडू आहेत. ती टेप आज रात्री उडणार आहे.

टेबलावर

पहिल्या सेशनआधी एक बैठक घ्यावी, तिला सेशन झीरो म्हणतात. कुठले विषय नकोत ते तिथं ठरतं: लहान मुलांवरचे अत्याचार नकोत, छळाचं वर्णन नको, जे काही असेल ते. शिवाय टेबलाच्या मधोमध एक्स लिहिलेलं कार्ड ठेवतात. कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथंच सोडायचा, कारण विचारायचं नाही. युद्धकथेत याची गरज नेहमीपेक्षा जास्त लागते.

अभ्यास किती करावा? मला वाटतं, एका खोलीपुरता. त्या खोलीत उजेड कशाचा, जेवायला काय, दार कुठल्या बाजूला उघडतं, वही कोण भरतं, वरिष्ठाला काय म्हणून हाक मारतात. बाकी सैन्यरचना आणि बंदुकांचे नमुने लक्षात ठेवायचे कष्ट घेऊ नयेत. एक कागद मात्र हाताशी हवा, जो खेळाडूंना प्रत्यक्ष हातात देता येईल: चौकीची नोंदवही, पावाचं रेशनकार्ड, सेन्सॉरनं काळ्या शाईनं खोडलेलं पत्र. खोडलेल्या ओळींखाली काय आहे ते आधी ठरवून ठेवा, कोणीतरी तो कागद दिव्यासमोर धरून पाहणारच.

युद्ध कोण जिंकलं हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळं रहस्य तिथं नसतंच. मेसिनचे सुरुंग उडणार, सिसिली पडणार. प्रश्न एवढाच की आपली चार माणसं त्यातून काय घेऊन बाहेर येतात आणि अहवालात काय लिहितात. शेवटच्या सेशनमध्ये मी खेळाडूंना तो अहवाल खरोखर लिहायला लावतो, वरिष्ठांना पटेल अशा भाषेत, अर्ध्या पानात. काय गाळायचं यावरून होणारी भांडणं बऱ्याचदा आधीच्या सगळ्या खेळापेक्षा रंगतात.

आणि गटात इतिहासाचा एक किडा असतोच. १९१६ मध्ये त्या तुकडीकडं ते हत्यार नव्हतं, असं तो तिसऱ्या मिनिटाला सांगतो. त्याच्याशी वाद घालू नका. त्याला नोंदवही भरणाऱ्याचं पात्र द्या, आणि त्यानं चूक दाखवली की म्हणा: बरोबर, नव्हतं. मग हे इथं कुणी आणलं, ते लिही.